जिन्याखालची खोली

तिसरीत असताना रश्मीला शाळेत कोंडलं होतं, ही गोष्ट तिच्या ओळखीच्या बहुतेकांना माहीत होती. लग्न ठरलं तेव्हा तिनं ती सुशांतला सांगितली, कारण बाथरूमची कडी आपण लावत नाही हे त्याला आधीच कळलेलं बरं, असं तिला वाटलं. पुढे ती एका विमा कंपनीत नव्या लोकांना प्रशिक्षण द्यायला लागली, तेव्हा पहिल्या दिवशी बोलायला हीच गोष्ट उपयोगी पडू लागली. ‘भीती म्हणजे काय, हे मला आठव्या वर्षी कळलं,’ अशी ती सुरुवात करायची. समोरचे लोक मोबाइल खाली ठेवायचे.

गोष्ट अशी होती. वर्सोव्याची पालिकेची मराठी शाळा, दुपारचं सत्र. शाळा सुटल्यावर चंपा नावाच्या एका कोळ्यांच्या मुलीनं तिला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि ती पळून गेली. आत मोडके बाक होते, ब्लीचिंग पावडरचं पोतं होतं. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, ती हळूहळू विझत गेली. पायावरून झुरळ गेलं. शेवटी बाबा आले, बसकंडक्टरच्या खाकी गणवेशात, हातात टॉर्च घेऊन. त्यांनी तिला उचललं.

चंपानं असं का केलं, हे रश्मी कधी सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, ‘लहान होती ती पण. मी कधीच माफ केलंय तिला.’

गेल्या वर्षी जानेवारीत तिच्या मुलीला, पूर्वीला, शाळेत मराठीचा प्रकल्प मिळाला. आईच्या किंवा बाबांच्या लहानपणचा एक प्रसंग लिहायचा आणि जमल्यास त्या वेळचा फोटो चिकटवायचा. पूर्वी तेव्हा तिसरीतच होती. प्रसंग कुठला, हा प्रश्नच नव्हता. फोटो मात्र नव्हता. रश्मीची तिसरी संपली त्या मे महिन्यात तिच्या घरचे सात बंगल्याजवळची भाड्याची खोली सोडून चेंबूरला गेले होते आणि त्या गडबडीत बरंच काही हरवलं होतं.

जुन्या वर्गातल्या एकाच मुलीचा नंबर रश्मीकडे होता. शकुचा. शकु अजून वर्सोव्यातच राहत होती, शिवणकामाचे क्लास घेत होती.

‘वर्गाचा फोटो ना? तो चंपाकडे असेल बघ,’ शकु फोनवर म्हणाली. ‘तिनं जपून ठेवलाय. नंबर देऊ?’

रश्मीनं क्षणभर विचार केला. ‘दे.’

‘नक्की ना?’

‘अगं, तीस-बत्तीस वर्षं झाली त्याला. दे.’

शकु काहीतरी बोलणार होती, पण तिच्या क्लासच्या मुली आल्या आणि तिनं फोन ठेवला. रश्मीनं चंपाला मेसेज केला. चंपानं उलट फोनच केला. आवाज मोठा, मागे मिक्सरसारखं काहीतरी सुरू. ‘रश्मी? बाकावरची रश्मी? ये ना गं. रविवारी ये. पोरीला पण आण.’

रविवारी सकाळी मायलेकी घाटकोपरहून मेट्रोनं वर्सोव्याला उतरल्या आणि तिथून रिक्षानं कोळीवाड्यात गेल्या. वाटेत रश्मीनं पूर्वीला बजावलं, की जुन्या गोष्टी काढायच्या नाहीत, फोटो घ्यायचा, थँक्यू म्हणायचं. पूर्वीनं मान डोलावली. तिच्या मांडीवर प्रकल्पाची वही होती.

चंपाचं घर दुमजली होतं, खाली दुकान. दुकानात सुकट, बोंबील, जवळा, सगळं वजन करून पिशव्यांत भरलेलं, वर छापील लेबलं. चंपा अंगानं भरलेली, मॅक्सीवर ओढणी घेतलेली, डोक्यात अबोलीचा गजरा. तिनं रश्मीला खांद्याला धरून उजेडात वळवलं आणि तोंडाकडे बघितलं.

‘तशीच आहेस. फक्त चष्मा लागला.’

आतल्या खोलीत तिचे वडील, धाकू, खुर्चीवर बसून टीव्ही बघत होते. ऐकू फारसं येत नव्हतं. चंपानं त्यांच्या कानाशी जाऊन, ‘कंडक्टरची पोरगी आलीय,’ असं ओरडून सांगितलं. त्यांनी रश्मीकडे बघून दोन्ही हात जोडले. रश्मीला ते जरा जास्तच वाटलं.

चहा झाला. चंपानं कपाटातून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला फोटो काढला. चार रांगा, मधे खुर्चीवर खोतबाई, पुढे पाटीवर खडूनं लिहिलेलं ‘इयत्ता ३ री अ’. पूर्वीनं आईला लगेच शोधलं. दुसऱ्या रांगेत, डावीकडे, केस चापून बसवलेले.

‘आणि चंपामावशी, तू कुठेय?’

‘मी नाय त्यात.’

‘का?’

‘तेव्हा मी शाळेत जात नव्हते. दोन महिने घरात होते. बाई घरी आल्या मला बोलवायला, तेव्हा हा फोटो देऊन गेल्या. बोलल्या, बघ, तुझी जागा रिकामी ठेवलीय.’ चंपानं फोटोतल्या रश्मीच्या शेजारच्या जागेवर बोट ठेवलं. तिथं खरंच एका मुलीपुरती मोकळी जागा होती.

‘तू आजारी होतीस?’ पूर्वीनं विचारलं.

‘आजारी नाय. घाबरले होते.’

पूर्वीनं आईकडे बघितलं. मग तिला राहवलं नाही. ‘तू मम्मीला कोंडलंस म्हणून ओरडले का तुला सगळे?’

‘पूर्वी!’ रश्मी म्हणाली.

चंपा आधी हसली. तिला वाटलं, पोरगी चुकीचं बोलली. मग तिनं रश्मीचं तोंड बघितलं आणि हसायची थांबली.

‘मी कोंडलं?’

‘जाऊ दे ना चंपा,’ रश्मी म्हणाली. ‘लहान होतो आपण. माझ्या मनात काही नाही आता.’

‘नाय, थांब. मी कोंडलं तुला?’

‘जिन्याखालच्या खोलीत. तिथं...’

‘रश्मी,’ चंपा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. ‘त्या खोलीत मी होते. कडी तू घातलीस.’

टीव्हीवर बातम्या चालू होत्या. रश्मी म्हणाली, की असं होऊच शकत नाही. तिला सगळं लख्ख आठवतंय. पोतं, मोडके बाक, झुरळ, दाराखालची उजेडाची रेघ.

‘कुठली रेघ?’ चंपा म्हणाली. ‘त्या दाराला खाली फट नव्हती बाय. पावसाचं पाणी आत येतं म्हणून शिपायानं लाकडाची पट्टी ठोकली होती. मी नखांनी ती पट्टी ओढत होते. आत नुसता काळोख होता.’ तिनं उजवा हात पुढे केला. तर्जनीचं नख मधोमध दुभंगून वाढलेलं होतं. ‘हे तेव्हाचं. पुढं सरळ आलंच नाय.’

‘पण माझे बाबा आले होते. मला उचललं त्यांनी.’

‘आले होते ना. माझ्या बापसाबरोबर आले. शिपायाच्या घरी जाऊन गेटची चावी त्यांनीच आणली. उचललं मला. त्यांच्या खिशातला तिकिटांचा पंच मला इथं टोचत होता.’ तिनं बरगडीला हात लावला. ‘म्हणून माझा बापूस अजून कंडक्टर कंडक्टर करतो. आत्तापण हात जोडले नाय का?’

पूर्वी आळीपाळीनं दोघींकडे बघत होती.

‘मी का करेन असं?’ रश्मीनं शेवटी विचारलं. ‘आपण एका बाकावर बसायचो.’

‘बसायचो कारण दुसरं कोण बसायचं नाय आपल्याबरोबर. मला वास येतो बोलायच्या. तुला काय बोलायच्या ते तुला ठाऊक.’ चंपानं पूर्वीकडे बघून पुढचं गाळलं. ‘त्या दिवशी शकु आणि बाकीच्या तुला बोलल्या, चंपाला कोंडून दाखव, मग तुला खेळायला घेतो. मोठं झाल्यावर शकुनंच मला सांगितलं. रडत होती सांगताना. मी बोलले, जाऊ दे.’

निघताना चंपानं फोटो दिला आणि सुकटीचं एक पाकीटही पिशवीत घातलं. रश्मीनं पैसे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘चल हट.’ तिच्या वागण्यात राग दिसत नव्हता. दारापर्यंत मात्र ती आली नाही.

परतीच्या वाटेवर पूर्वी एकदाच बोलली. ‘मम्मी, मग आता खरं काय आहे?’

‘माहीत नाही,’ रश्मी म्हणाली. तेव्हा तिला तसंच वाटत होतं. चंपाचं काहीतरी चुकतंय. माणसाची आठवण इतक्या वर्षांनी पक्की राहत नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात ती स्वतःच हे शिकवत असे, पण त्या वेळी ते तिनं फक्त चंपाला लावलं.

पुढच्या शनिवारी ती चेंबूरला आईकडे गेली. आई रश्मीच्या भावाकडे, आकाशकडे राहत होती. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई बाल्कनीत बसून मेथी निवडत होती. रश्मीनं तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि प्रस्तावना न करता विचारलं.

आईनं मान वर केली नाही. ‘कोण म्हणालं तुला?’

‘चंपा.’

‘भेटली का? बरी आहे ना पोरगी?’

‘आई, मी विचारतेय ते सांग.’

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग तिनं सांगितलं. थंडीचे दिवस होते, अंधार लवकर पडला होता. रश्मी शाळेतून आली ती काही न खाता गोधडी घेऊन निजली. सातच्या सुमारास धाकू दारात आला. माझी पोरगी घरी आली नाही, तुमच्या पोरीच्या बाकावर बसते, तिला विचारा. आईनं विचारलं. रश्मी म्हणाली, मी नाही पाहिली. तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले. गणवेश न उतरवता टॉर्च घेऊन धाकूबरोबर निघाले.

‘ते जिना उतरले अन् तू उठून अनवाणी त्यांच्या मागं पळालीस. मी हाका मारते तर थांबायला तयार नाही. शाळेत गेल्यावर तूच त्या खोलीकडे बोट दाखवलंस. बाबांनी आल्यावर मला सांगितलं.’

‘म्हणजे बाबांना कळलं होतं.’

‘न कळायला काय झालं? धाकूलाही कळलं असेल. पण पोरगी सापडली, त्या आनंदात तो माणूस काही बोलला नाही.’

‘मग मला मारलं नाही? काही बोलले नाहीत?’

‘मारणार काय? तुला रात्रीपासून जो ताप भरला, तो दोन दिवस उतरला नाही. तापात बडबडायचीस, दार उघडा, मला बाहेर काढा. बाबा म्हणाले, हिची शिक्षा हिनंच करून घेतली, आपण कशाला अजून. बरी झालीस तेव्हा तू म्हणालीस, आई, मला कोंडलं होतं ना? मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, जेव आता.’

‘तेव्हाच का नाही सांगितलंस? सुशांतच्या घरच्यांसमोर मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तू तिथं बसली होतीस.’

‘बसले होते. घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलंही, काहून खोटं बोलू द्यायचं पोरीला? तर म्हणे, ती खोटं बोलत नाही, तिला तसंच वाटतं. राहू दे.’ आईनं मेथीची जुडी परत उचलली. ‘मग राहू दिलं.’

रश्मी संध्याकाळपर्यंत तिथं बसली. आकाशची मुलं क्लासवरून आली, जेवायला थांब म्हणाली, ती थांबली नाही. तिनं पुष्कळ प्रयत्न केला, तरी कडी घातल्याचं तिला आठवेना. लोखंडाचा गारवा नाही, हात नाही, पळणं नाही. खोलीच्या आतलं सगळं मात्र पहिल्यासारखंच आठवत होतं, फट नसलेल्या दाराखालच्या उजेडाच्या रेघेसकट.

घरी येऊन तिनं सुशांतला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, ‘आठ वर्षांची होतीस यार. सोड.’ तो चांगल्या मनानं म्हणाला होता. पण चंपाबद्दल ती स्वतः हेच शब्द इतकी वर्षं वापरत आली होती, आणि ते ऐकायला कसे लागतात हे तिला आता कळलं.

पूर्वीला सांगणं जास्त अवघड गेलं.

‘म्हणजे तू बुली होतीस?’

‘हो. त्या दिवशी होते.’

‘आणि चंपामावशीचं नाव उगाच घेतलंस. सगळ्यांना सांगितलंस.’

‘हो.’

पूर्वीनं वही उघडली. मग दोन पानं फाडली आणि बापाला हाक मारली. सुशांतचं लहानपण दहिसरला गेलं होतं. त्याची नवी चप्पल नदीत वाहून गेली आणि ती शोधायला तो दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरला, ही गोष्ट तिनं लिहिली. बाईंना ती फार आवडली. वर्गाचा फोटो वापरायची गरज पडली नाही.

ऑफिसात पुढच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी रश्मीनं थेट नियमावलीपासून सुरुवात केली.

फोटो परत द्यायचा होता. तो कुरिअरनं पाठवता आला असता. रश्मीनं मंगळवारी रजा टाकली आणि एकटीच वर्सोव्याला गेली. दुकानात धाकू बसले होते. त्यांनी किनाऱ्याकडे हात केला. वाळूवर मासळी वाळवायच्या बांबूंच्या उंच वलांड्या उभ्या होत्या आणि चंपा दोन बायकांबरोबर त्यांवर बोंबील लटकवत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि दोरीवर टाकायची, बोलता बोलता हात चालू.

‘आलीस?’ चंपा म्हणाली. ‘फोटो त्या डब्यावर ठेव, ओला होईल.’

रश्मीनं फोटो ठेवला. घरून निघताना तिनं काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं तिला काहीच वापरता आलं नाही.

‘मी आईला विचारलं,’ ती म्हणाली. ‘तू सांगितलंस तेच खरं आहे. मला आठवत नाही अजून. पण मीच केलं ते. माझं चुकलं, चंपा.’

बाकीच्या दोघी काम करता करता ऐकत होत्या. चंपानं त्यांना पलीकडच्या वलांडीवर पाठवलं.

‘तुझा मेसेज आला ना त्या दिवशी,’ ती म्हणाली, ‘तर मला वाटलं, हेच बोलायला येतेस. मी घर आवरलं, पोरीसाठी खाऊ आणला. आणि तुझी पोरगी मलाच विचारते, तू का कोंडलंस म्हणून.’ ती मोठ्यानं हसली. ‘वाट लागली माझी. काय बोलावं कळेना.’

रश्मी हसली नाही.

‘कोंडलंस त्याचा राग नाय गं,’ चंपा पुढे म्हणाली. आता तिचे हात थांबले होते. ‘पोरं करतात. माझ्या पोरानं पण काय काय केलंय. मी दोन महिने घरात बसले ना, रोज साडेपाचला दारात यायची. शाळा सुटली की तू त्याच रस्त्यानं घरी जायचीस. तू समोरून जायचीस आणि मान वळवायची नाहीस. एकदापण आली नाहीस. बाकावर मला तू एकटीच होतीस. मग मेमध्ये कळलं, कंडक्टर खोली सोडून गेले.’

‘मला तेही आठवत नाही.’

‘तुला कसं आठवेल? तू बघितलंच नाहीस.’

चंपानं पाटीतून बोंबील उचलले. थोड्या वेळानं रश्मीनं पर्स डब्यावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि पाटी चंपाच्या हाताशी सरकवली. चंपानं तिला दोन बोंबील कसे अडकवायचे ते दाखवलं. रश्मीचे पहिले दहा-बारा घसरून वाळूत पडले. पलीकडच्या बाईनं चंपाला विचारलं, ‘ही कोण गं?’

‘शाळेतली आहे,’ चंपा म्हणाली.

ऊन चढल्यावर रश्मी निघाली. चंपा या वेळी रिक्षापर्यंत आली. चौथीनंतर आपण आईबरोबर बाजारात जायला लागलो, असं तिनं चालता चालता सांगितलं. शाळा सुटली त्याला तू कारण नाहीस, मला तशीही ती नको होती, असंही म्हणाली. ते खरं होतं, की रश्मीला बरं वाटावं म्हणून होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर रश्मी पूर्वीला घेऊन पुन्हा गेली. चंपाच्या मुलानं त्यांना होडीतून मढच्या बाजूला फिरवून आणलं. दिवाळीत चंपाचा फोन आला, आणि धाकू आजारी पडले तेव्हा रश्मी त्यांना बघून आली. त्यांनी तेव्हाही हात जोडले. रश्मीनं ते धरून खाली केले आणि त्यांच्या कानाशी वाकून, कोळीवाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, की कडी तिनं घातली होती. म्हाताऱ्यानं मान हलवली.

‘ठाऊक हाय,’ ते म्हणाले. ‘बस. चा पी.’